कपचीचा पंचनामा

शिसवाचा ठोकळा लेथवर गोल होत आलेला असतो. हत्यारावरून भुशाची बारीक लड सुटत असते, लाकडातल्या काळ्या-तांबड्या रेषा दिसू लागलेल्या असतात, अजून अर्धा मिलिमीटर उतरवला की झालं असं वाटत असतं आणि तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज होतो. कपची उडून कुठेतरी भुशात पडते, उडाल्या जागी खालची पितळी नळी चमकायला लागते. अशा वेळी बहुतेकांचा हात दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर वैतागून ठोकळा कचऱ्यात टाकतो, नाहीतर ‘आणखी थोडं उतरवलं की खड्डा निघून जाईल’ म्हणून हत्यार पुन्हा लावतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. नळी दिसायला लागली म्हणजे खाली उतरवायला लाकूडच उरलेलं नसतं, आणि जिथून एक कपची गेली तिथलं शेजारचं लाकूडही बहुधा नळीला धरून नसतं. हाताने पेनं बनवणाऱ्याने, मग तो किट आणून रविवारी छंद म्हणून बनवत असो की एबोनाइटच्या कांडीतून अख्खं शाईपेन कातत असो, एक गोष्ट पक्की धरून चालावं असं माझं म्हणणं आहे: नुकसान जिथे दिसतं तिथे ते सहसा झालेलं नसतं. ते एक-दोन टप्पे आधी झालेलं असतं, आणि दुरुस्ती त्या टप्प्यापर्यंत पोचली तरच टिकते.

हे का, ते समजायला किटमधलं सगळ्यात साधं, सडपातळ पेन घेऊ. त्यात ७ मिलिमीटरच्या भोकात बसणाऱ्या दोन पितळी नळ्या असतात. लाकडाच्या दोन तुकड्यांना भोक पाडायचं, नळ्या आत चिकटवायच्या, तुकड्यांची टोकं नळीशी काटकोनात सपाट करायची, मग दोन्ही तुकडे मँड्रेलवर (लेथमध्ये फिरणाऱ्या सळईवर) बुशांच्या, म्हणजे माप दाखवणाऱ्या कड्यांच्या, मध्ये चढवून कातायचे, पॉलिश करायचं आणि शेवटी धातूचे भाग दाबून बसवायचे. कातून झाल्यावर टोकांपाशी नळीवर लाकूड उरतं ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. एवढ्या पापुद्र्याला स्वतःची अशी ताकद नसते. तो उभा असतो गोंदाच्या आणि नळीच्या जिवावर. गोंद कुठे पोचला, भोक पाडताना आतलं लाकूड भाजलं का, ठोकळा किती वाळलेला होता, या सगळ्याचा हिशेब लाकूड जाड असेपर्यंत झाकलेला राहतो आणि पापुद्रा पातळ होताच उघडा पडतो. लेथ नुसता निकाल वाचून दाखवतो.

म्हणून कपची उडाली की लेथ बंद करायचा, आणि गोंदाची बाटली शोधण्याआधी कपची शोधायची. लेथखाली आधीपासून एखादं फिकट चादरीचं फडकं किंवा वर्तमानपत्र अंथरलेलं असेल तर हे काम पाच मिनिटांचं असतं. कपची सापडली की ती उलटी करून उजेडात धरा आणि उघड्या पडलेल्या नळीशी ताडून बघा. नळी लख्ख पिवळी, कपचीची आतली बाजू कोरडी, म्हणजे तिथे गोंद पोचलाच नव्हता. नळीवर गोंदाचा थर आहे पण तो काचेसारखा सबंध सुटून आला आहे, म्हणजे गोंद होता पण पितळेला धरला नाही. नळी नीट घासलेली नव्हती किंवा तिच्यावर हाताचं तेल होतं. नळीला लाकडाचे तंतू चिकटून राहिलेत आणि कपची लाकडातल्या लाकडातच फाटली आहे, म्हणजे गोंद चोख आहे. दोष हत्याराच्या धारेचा, त्याच्या कोनाचा किंवा तिथे वळण घेणाऱ्या रेषांचा. आणि कपचीची आतली बाजू काळपट, तुकतुकीत दिसली तर ड्रिल तापलं होतं. एवढा पंचनामा झाला की पुढचं काय करायचं ते जवळजवळ आपोआप ठरतं. पहिल्या दोन प्रकारांत फक्त कपची परत चिकटवून भागणार नाही, कारण तिच्या आजूबाजूलाही तीच पोकळी असणार. दोन्ही टोकांकडून आणि खड्ड्याच्या कडेने पातळ सुपरग्लू (आपल्या घरातलं फेविक्विक त्यातलंच) थेंबाथेंबाने सोडायचा, ठोकळा उभा-आडवा करून तो आत झिरपू द्यायचा, आणि मगच कपचीला हात लावायचा. तिसऱ्या प्रकारात मात्र कपची चिकटवणं, हत्याराला धार लावणं आणि हलक्या हाताने पुढे जाणं एवढंच पुरतं. भाजलेल्या लाकडाचा भरवसा धरू नये. तिथे गोंद धरतो तो जळक्या थराला, आणि तो थर लाकडावरून सुटतो.

कपची बसवताना ती कोरडीच एकदा जागेवर ठेवून बघावी, कुठल्या बाजूने येते याची खूण मनात धरावी, मग एकच थेंब लावून वर दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवून बोटाने दाबावी. त्या पिशवीच्या पॉलिथिनला सुपरग्लू धरत नाही, बोटाला मात्र फार आवडीने धरतो. बोट चिकटलंच तर ओढू नये. कोमट साबणाचं पाणी किंवा नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावून हळूहळू सोडवावं. घाईने सुकवणारा फवारा इथे टाळलेला बरा. त्याने गोंदात पांढरे बुडबुडे धरतात आणि सांधा बोंबलून आपली जागा सांगतो. कपची सापडली नाही तर त्याच लाकडाचा बारीक भुसा खड्ड्यात ठासून वर पातळ गोंद सोडण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिची एक मर्यादा कमी सांगितली जाते: गोंदात भिजलेला भुसा मूळ लाकडापेक्षा गडद दिसतो. शिसवात, बाभळीच्या गाभ्यात हा डाग मिसळून जातो. हळदूसारख्या फिकट लाकडात तो शाईच्या थेंबासारखा उठून दिसतो. मग लपवण्याचा आटापिटा सोडून द्यावा आणि भर मुद्दाम वेगळी करावी. चावीवाल्याच्या मशीनखाली पितळेचा कीस पडलेला असतो; तो मागितला तर चिमूटभर सहज मिळतो. खड्ड्याच्या कडा कोरून सरळ केल्या, शक्यतो पूर्ण गोलाकार खाच पाडली, तीत कीस भरून गोंद सोडला आणि घासून चकाकी आणली, की तिथे पितळेची बांगडी दिसते. रफू जमत नसेल तर चांगलं ठिगळ लावावं. अर्धवट रफू सगळ्यात वाईट दिसतो. खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू यांची झटपट भर मात्र पेनाला नको. ती दगडासारखी कडक होते, घासताना शेजारचं मऊ लाकूड झिजतं आणि भर टेंगळासारखी वर राहते. कुठलीही भर घासताना कागद बोटाने दाबण्यापेक्षा सपाट पट्टीला गुंडाळावा, याचं कारणही हेच.

आता जरा मागे, भोकाकडे जाऊ. कारण पंचनाम्याचे धागे बहुतेक वेळा तिथेच जाऊन पोचतात. ड्रिल बिट लाकडातून बाहेर पडतं त्या टोकाशी त्याच्यापुढे आधार नसतो, आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ते कापण्याऐवजी ढकलतं. ॲक्रिलिकमध्ये तिथे तारकेसारखे तडे जातात, लाकडात आतून भेग पडते, आणि दोन्ही वेळा वरून काही दिसत नाही. यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो न करणं हाच आळस: ठोकळा गरजेपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब ठेवावा, भोक आरपार न पाडता आतच थांबावं, आणि बंद टोक करवतीने कापून भोक उघडावं. बिट दर थोड्या खोलीनंतर पूर्ण बाहेर काढून भुसा झाडावा. हात लावून ठोकळा गरम लागला तर तो निवेपर्यंत नळी घालू नये, कारण गरम भोकाचं माप आणि थंड भोकाचं माप एकच नसतं. नळी घालण्याचंही तसंच. पितळ खरखरीत कागदाने आडवंतिडवं घासून पुसून घ्यावं, नळीचं एक टोक कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबून बुजवावं म्हणजे आत गोंद जात नाही, आणि नळी सरळ खुपसण्याऐवजी गोल फिरवत, थोडी मागेपुढे करत घालावी. सरळ ढकलली तर भोकाची कड गोंद पुसून घेते आणि शेवटचा सेंटिमीटर कोरडा राहतो. सुपरग्लूने काम झटपट होतं हे खरं, पण नळी निम्म्यावर असताना तो धरला की आली पंचाईत. अशी अडकलेली नळी ठोकून पुढे जात नाही, लाकूड फाटतं. सोल्डरिंग आयर्न नळीच्या आत धरून पितळ तापवलं तर गोंद ढिला पडतो आणि नळी गरम असतानाच सांडशीने मागे ओढता येते. हे खिडकी उघडी ठेवूनच करावं, कारण तापलेल्या सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते. नवशिक्याने माझं ऐकावं आणि हळू धरणारं अरल्डाइट वापरून रात्रभर थांबावं. पोकळीही त्याने जास्त चांगली भरते.

काही भेगा मात्र पेन पूर्ण होऊन, गिऱ्हाइकाच्या खिशात दोन महिने राहून मग दिसतात, आणि दोष ‘लाकूडच खराब निघालं’ असा लाकडावर जातो. लाकूड ओलावा सोडताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. आतली पितळी नळी ओलाव्याने तसूभरही आकसत नाही. आकसू पाहणारं लाकूड आणि न हलणारी नळी यांच्या ओढाताणीत लाकूड रेषेत फाटतं. कोकणात किंवा मुंबईत भर पावसात कातलेलं पेन मे महिन्यात नागपूरला भेट म्हणून गेलं, तर ही ओढाताण आपणच लावून दिलेली असते. लाकूड वाळलं का ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. ठोकळे आधीच पेनाच्या मापाचे कापून, टोकांना मेण लावून ठेवावेत आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकाचं वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की ठोकळा खोलीच्या हवेशी जुळला. अशी भेग पडलेलं पेन परत आलं तर लगेच गोंद ओतू नये. भेग हवेप्रमाणे उघडते-मिटते. पेन उलगडून, तो भाग दोन-तीन आठवडे कोरड्या जागी ठेवून, भेग पूर्ण रुंद झाल्यावर मगच भरावी. ओल्या दिवसांत मिटलेली भेग भरली तर ती शेजारी दुसरीकडे उघडते.

माप चुकण्याचं प्रकरण थोडं निराळं आहे. कातलेला भाग धातूच्या कडीपेक्षा बारीक झाला तर हळहळण्याचं कारण नाही. सुपरग्लूचे पातळ थर एकावर एक देऊन तो भरून आणता येतो, फक्त एका थराने केसाएवढीही भर पडत नाही हे धरून सबुरी ठेवावी लागते. खरी तक्रार वेगळी असते: पेन जुळवल्यावर एका बाजूला लाकूड धातूशी सपाट लागतं आणि समोरच्या बाजूला बोटाला कड जाणवते. ही कड घासून काढू नये. घासली तर ती त्या जागची जाते आणि दुसरीकडे खड्डा पडतो, कारण भाग मुळात गोल नसून नळीशी वाकडा आहे. टोकाची नट पिळून घट्ट केली की मँड्रेल कमानीसारखं किंचित वाकतं, आणि मग प्रत्येक भाग तेवढाच तिरका कातला जातो. नट बोटांनी आवळावी, पान्याने नव्हे. बुशांकडेही बघावं. दर पेनाला आपण लाकूड घासताना बुशही घासत असतो, तेही झिजतात, आणि विसाव्या पेनापर्यंत आपण ज्या मापाला बरोबर समजून कातत असतो ते मापच बारीक झालेलं असतं. व्हर्नियर कॅलिपरने किटमधली कडी मोजावी आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवावा. पोलादी बुशाचा काळा चुरा फिकट लाकडात शिरून डाग पाडतो, म्हणूनही शेवटचं घासकाम बुश काढून, नायलॉनच्या शंकूंमध्ये धरून केलेलं बरं.

चकाकीच्या टप्प्यावर दिसणारे दोष लोक पॉलिशने झाकायला जातात, आणि पॉलिश ते भिंगातून दाखवल्यासारखे मोठे करून दाखवतं. गोल फिरणारे बारीक ओरखडे राहिले असतील तर कागदाचा एक नंबर मधून वगळला गेला आहे. मागे जावं, आणि प्रत्येक नंबर संपला की लेथ थांबवून एकदा लांबीच्या दिशेने घासून मगच पुढच्या नंबरावर जावं. सुपरग्लूच्या थराखाली पांढुरकी साय दिसली तर थराखाली ओल अडकली आहे किंवा पावसाळी हवेत थर फार घाईने सुकला आहे. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत त्याचं वागणं जानेवारीसारखं राहत नाही. पांढऱ्या थरावर नवा थर चढवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावणं. चांगल्या थरापर्यंत उतरावं आणि कोरड्या दिवशी पुन्हा चढवावं. टोकांवर पांढरी चंद्रकोर दिसणं हा बुश ओढून काढण्याचा परिणाम असतो: गोंद बुशालाही चिकटला, आणि बुश सुटताना थर उचकटला. बुशांना आधी मेण चोळून ठेवलं आणि सांध्यावर सुरीचं टोक फिरवून थर तोडला की हे होत नाही. झालंच, आणि पातळ गोंदाचा थेंब कडेने सोडूनही चंद्रकोर गेली नाही, तर सगळा थर काढून टाकावा. आणखी एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. सुपरग्लू लावायला सुती चिंधी किंवा कापूस वापरू नये. सुताशी त्याची अशी काही गट्टी जमते की चिंधी बोट भाजण्याइतकी तापते. कागदी रुमाल घ्यावा.

कुठलं फिनिश निवडायचं हेसुद्धा दुरुस्तीच्या नजरेने ठरवता येतं, आणि हा विचार फार थोडे लोक करतात. सावंतवाडीचे कारागीर कातलेल्या लाकडी खेळण्यांवर लाख चढवतात ती फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून. घर्षणाच्या उबेने लाख वितळते आणि पसरते. जी उबेने चढते ती उबेने पुन्हा वितळतेही, त्यामुळे पोचा आला, ओरखडा पडला, तर त्याच जागी पुन्हा लाख देता येते. लाखेपासून बनणारं घर्षणाचं पॉलिशही तसंच: स्पिरिटने उतरतं, नव्याने चढतं. सुपरग्लूचं फिनिश कडक, काचेसारखं आणि घामाला दाद न देणारं, पण बिघडलं की बहुधा थर खरवडल्याशिवाय गत्यंतर नाही. रोज तासन्‌तास हातात राहणाऱ्या पेनाला सुपरग्लू योग्य हे मान्य. पण पहिली दहा पेनं बनवणाऱ्याने लाखेचं पॉलिश वापरावं. पेन वर्षभरात थोडं निस्तेज होईल, आणि ते पाच मिनिटांत पुन्हा उजळता येईल.

जुळवणीच्या वेळी फुटलेलं पेन सगळ्यात जिव्हारी लागतं. सगळं झालेलं असतं, धातूचा भाग दाबायला घ्यावा आणि लाकूड टोकाशी चिरावं. इथेही दाबणाऱ्या हाताला दोष देण्याआधी नळीच्या तोंडात बघावं. वाटतो तो दाबाचा दोष, पण बहुतेक वेळा आत वाळलेल्या गोंदाचा एखादा थेंब असतो आणि कडी बसताना तो नळी फुगवतो. बारीक गोल कानशीने नळीचं तोंड साफ करून, कडेला जरासा उतार देऊन मगच दाबावं, आणि दाबताना भाग सरळ आहे ना हे दोनदा पाहावं. चीर पडलीच तर पेन तसंच ठेवून गोंद सोडू नये. तो फिरकीच्या यंत्रणेत उतरतो आणि पेन कायमचं बंद होतं. आधी समोरच्या टोकाकडून योग्य जाडीची सळई घालून धातूचे भाग ठोकून बाहेर काढावेत. यंत्रणा जास्त आत गेली आणि रिफिल बोटभर बाहेर डोकावू लागली, तरी हाच मार्ग. उलट एखादा भाग सैल बसत असेल तर अरल्डाइटचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरे.

शाईपेन संपूर्ण कांडीतून कातणाऱ्यांचं जग थोडं वेगळं आहे, पण तर्क तोच. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. आंध्रातल्या राजमुंद्रीत रत्नम पेन १९३२ पासून बनतंय आणि आजही देशात हाताने बनणाऱ्या शाईपेनांत एबोनाइटचा मान मोठा आहे. ते कातताना गंधकाचा उग्र वास आला तर तो इशारा समजावा: हत्यार बोथट आहे किंवा वेग जास्त आहे, आणि एबोनाइट तापतं आहे. तापलेल्या एबोनाइटवर पाडलेले आटे निवल्यावर मापात राहत नाहीत. टोपण डुगडुगतं किंवा अर्ध्या फेऱ्यात अडतं, आणि मालक ते जोर लावून फिरवतो, तेव्हा आटे जातात. दोष टोपण फिरवणाऱ्याच्या बोटांत नसून वासाच्या त्या क्षणात असतो. गेलेल्या आट्यांवर तोच टॅप (आटे पाडायचं हत्यार) पुन्हा फिरवून काही मिळत नाही. एक माप मोठा टॅप घ्यावा म्हटलं तर तेही दर वेळी शक्य नसतं. ६ नंबरच्या जर्मन योवो निबेच्या घराला ७.४ मिलिमीटरचा, अर्ध्या मिलिमीटर अंतराचा टॅप लागतो आणि घर बदलता येत नाही. मग ती जागा आतून मोठी करून, त्याच कांडीच्या उरलेल्या तुकड्यातून कातलेलं अस्तर अरल्डाइटने बसवावं आणि त्यात नवे आटे पाडावेत. म्हणून पेन पूर्ण होऊन विकलं जाईपर्यंत कांडीची उरलेली टोकं फेकू नयेत. काळ्या एबोनाइटचा एक फायदा असा की त्याच्याच भुकटीत अरल्डाइट कालवून केलेली भर घासल्यावर जवळपास दिसत नाही. पण टोपणाच्या ओठाला गेलेला उभा तडा भरून भागत नाही. भिंत पातळ कातली गेली आहे हेच तो तडा सांगतो. तिथे धातूची कडी घालावी किंवा टोपण नवं करावं. उजेडाने, गरम पाण्याने एबोनाइट तपकिरी-हिरवट झालं असेल तर तो थर बारीक कागदाने उतरवणं हाच उपाय, आणि पेन धुताना गरम पाणी टाळणं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढा उपद्व्याप कशाला, ठोकळा फेकावा आणि दुसरा घ्यावा. साध्या सागाच्या तुकड्याबाबत मी हे मान्य करतो. अर्ध्या तासात दुरुस्ती होणार नसेल तर फेकावा. पण दोन भागांच्या पेनात एकाच ठोकळ्याचे दोन तुकडे रेषेला रेष जुळवून घेतलेले असतात. एक फेकला की दुसरा आपोआप बाद होतो. आणि हल्ली कितीतरी लोक पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं, आजीच्या पाटाचं, झोपाळ्याच्या फळीचं लाकूड घेऊन ‘यातून पेन करून द्या’ म्हणून येतात. तिथे दुसरा ठोकळा नसतो. रोजच्या स्वस्त ठोकळ्यांवर दुरुस्तीचा हात बसला नसेल तर त्या दिवशी तो अचानक येणार नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: दुरुस्त केलेलं पेन विकणं ही फसवणूक नाही का? न सांगता विकलं तर आहेच. पण इथे दिसण्याची दुरुस्ती आणि ताकदीची दुरुस्ती यांत फरक करावा. मधल्या भागातली गाठ भरली, बांगडी घातली, गिऱ्हाइकाला सांगितलं, तर त्यात गैर काही नाही. गाठाळ लाकडाची पेनं तशी भरूनच बनतात. धातूच्या कडीखाली चीर सांधलेली असेल तर मात्र ते पेन विकू नये, सांगूनही विकू नये. तिथे रोज ताण पडतो आणि सांधा कधी ना कधी सुटतो. ते आपल्या टेबलावर ठेवावं. तिसरा आक्षेप पट्टीच्या कारागिरांचा असतो: हत्याराला धार ठेवा, चुका होणारच नाहीत. धारेचं महत्त्व नाकारायचा प्रश्नच नाही, पण कितीही धारदार हत्यार कोरड्या राहिलेल्या नळीला गोंद लावू शकत नाही. तसं पाहिलं तर टाळणं आणि सांधणं ही एकच विद्या आहे. भोकाच्या टोकाशी तडा का जातो हे ज्याला कळलं त्याला ठोकळा लांब ठेवायलाही कळतं.

सुरक्षेबाबत मी घासाघीस करणार नाही. पेनं साधारण मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने कातली जातात. सांधलेला ठोकळा पुन्हा चढवताना वेग हजाराच्या खाली आणावा, तोंडावर पूर्ण पारदर्शक ढाल असावी आणि पहिला मिनिटभर फिरत्या ठोकळ्याच्या समोर न थांबता बाजूला उभं राहावं. शिसवाच्या जातीच्या लाकडांचा भुसा अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो, आणि भर घासताना उडणारी धूळ त्याहून बारीक असते, म्हणून मास्क लावावा.

आणि शेवटी फेकायचंच ठरलं, तर ठोकळा तसाच फेकू नका. पटाशीने त्याला लांबीत उभा चिरा आणि दोन्ही अर्धे आतून बघा: गोंद कुठपर्यंत पोचला, कुठे नळी कोरडी, कुठे लाकूड करपलं. त्यावर पेन्सिलीने तारीख आणि कारण लिहून पाच-सहा तुकडे फळीवर ठेवा. सहावा तुकडा बघताना बहुधा लक्षात येईल की कारण प्रत्येक वेळी एकच होतं. चिरताना नळी वाकली नसेल तर ती तापवून, घासून बाजूला ठेवा. ती पुढच्या पेनाला चालते.